सक्तीने भाषा का रुजत नाही?

दरवर्षी १ जून रोजी बेळगावलगतच्या हिंडलगा येथील हुतात्मा स्मारकापाशी सीमाभागातील मराठी भाषिक एकत्र येतात. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात बळी पडलेल्यांना तेथे अभिवादन केले जाते. सीमाप्रश्नाची कायदेशीर बाजू बहुतेकांना ठाऊक आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु इतक्या वर्षांनंतरही ही जखम ओली का राहते, याचे उत्तर केवळ न्यायालयीन कागदपत्रांत सापडत नाही. सामाजिक मानसशास्त्रातील काही संशोधने त्यावर उपयुक्त प्रकाश टाकतात.

फेब्रुवारी २०२५ मधील घटनाक्रम आठवावा. बेळगाव तालुक्यात बसमधील भाषेच्या वादातून वाहकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. पाठोपाठ चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासण्यात आले आणि दोन्ही राज्यांमधील बससेवा काही काळ थांबली. काही व्यक्तींमधील बाचाबाची पाहता पाहता दोन राज्यांचे भांडण झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये यामागील मनोव्यापाराची मांडणी केली. आपल्या गटातील माणूस चुकला, तर आपण त्याची परिस्थिती पाहतो; परक्या गटातील माणूस चुकला, तर तो त्या साऱ्या गटाचा स्वभावच ठरवतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्या आठवड्यात हेच घडत होते.

हेन्री ताजफेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे अधिक आवडतात, एवढ्या किरकोळ निमित्ताने मुलांचे गट पाडल्याचे सांगण्यात आले. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपला थोडा तोटा झाला तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून आपण वरचढ राहिले पाहिजे, अशीही प्रवृत्ती दिसली. क्षुल्लक निमित्ताने जे घडते, ते भाषा, नोकरी आणि हौतात्म्याची स्मृती यांच्याशी जोडलेल्या अस्मितेबाबत किती तीव्रतेने घडेल, याची कल्पना यावरून करता येते.

म्हणून सीमावासीयांची वेदना हा केवळ मनाचा खेळ ठरत नाही. सक्ती खरी असते आणि तिचे परिणामही खरे असतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ओहायो व इंडियाना राज्यांनी प्राथमिक शाळांतून जर्मन भाषा हद्दपार केली. त्या पिढीचा मागोवा घेणारे वासिलिकी फौका यांचे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बंदीची झळ बसलेल्या जर्मनवंशीयांनी पुढे आपल्याच समाजात विवाह करण्याचे आणि मुलांना जर्मन नावे ठेवण्याचे प्रमाण अधिक आढळले. दुसऱ्या महायुद्धात स्वेच्छेने सैन्यात जाण्याचे प्रमाण मात्र कमी होते. त्यांना मुख्य प्रवाहात ओढण्यासाठी योजलेल्या उपायानेच ते त्यापासून दूर गेले.

मग केवळ एकत्र राहण्याने दुरावा मिटतो का? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच चार अटी सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा. उत्तर प्रदेशात मॅट लोव यांनी विविध जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संमिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची परजातीय मैत्री वाढली; अन्य जातींच्या खेळाडूंशी प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तेथे उलट परिणाम दिसला.

बेळगाव, निपाणी परिसरात मराठी आणि कन्नड माणसाचा संपर्क रोजचाच आहे. बाजारपेठेत, शेतात, रुग्णालयात दोन्ही भाषा सहज मिसळतात. उणीव आहे ती समान दर्जाची आणि शासनाच्या पाठिंब्याची. बाजारात गरजेपोटी आपसूक शिकली जाणारी भाषा सरकारी कार्यालयात अट म्हणून समोर येते, तेव्हा तीच भाषा परकी वाटू लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०(अ) नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. मराठीत परिपत्रक किंवा दाखला मिळाल्याने कन्नडचे काहीही उणे होणार नाही. कन्नडकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी मात्र निवळू शकेल.

गोमंतकीय वाचकाला हा विषय दूरचा नाही. येथील भाषावादानेही बळी घेतले आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा करताना शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली. ती पुरेशी आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. परंतु कायद्यात दुसऱ्या भाषेला जागा असली की वाद निदान चर्चेच्या पातळीवर राहू शकतो. सीमाप्रश्नाचा न्यायालयीन निकाल केव्हा लागेल, हे कोणाच्या हाती नाही. दाखला कोणत्या भाषेत द्यावा, हे मात्र शासनाला आजही ठरवता येते.