शिंगराच्या किमतीत शिकवणीही धरा

दिवाळीनंतर अकलूजचा घोडेबाजार भरला की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं शिंगरू बघायला जातात. तयार घोड्याची किंमत लाखांत सांगतात, म्हणून कोवळं जनावर घ्यायचं आणि पुढे स्वारीला काढायचं, असा बेत असतो. माझी विनंती आहे, की सौदा ठरवण्याआधी त्या किमतीत शिकवणीचा खर्च मिळवा आणि मग ते शिंगरू खरंच स्वस्त पडतंय का ते बघा.

आधी वय. विकणारा ‘तीन वर्षांचं’ म्हणाला तरी ओठ वर करून पुढचे दात पाहा. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडून पक्के येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. मधलेसुद्धा दुधाचेच असतील तर त्या पाठीवर माणूस बसवायला अवकाश आहे. पाठीचे मणके ५ वर्षांनंतरही पुरते भरत असतात. घाई केली तर पाठ आणि पाय जन्माचे अधू होऊ शकतात. हे थांबणंही फुकट नाही. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला ७-८ किलो सुका चारा लागतो, वर चंदी वेगळी. कडबा आणि हरभऱ्याचा आजचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, वर्षाचा आकडा घरीच मांडा.

आता शिकवणी. चांगला चाबूकस्वार पहिल्या दिवशी पाठीवर बसतच नाही. लांब दोरीवर गोल फिरवतो, आवाज ओळखायला लावतो, मग पाठीवर पोतं, मग रिकामं खोगीर. माणूस सगळ्यांत शेवटी. थांब म्हटलं की थांबणं, दोन्ही अंगांनी वळणं, ट्रॅक्टरला न बुजणं, एवढं पक्कं व्हायला तीन महिने तरी धरा. वारीत सदाशिवनगरला, अकलूजला रिंगणात अश्व धावताना आपण डोळे भरून पाहतो. टाळ-मृदंगाच्या गजरात, माणसांच्या एवढ्या गर्दीतून तो न बिचकता धावतो, त्यामागे कुणाची तरी रोजची मेहनत असते.

म्हणून ‘वीस दिवसांत बसायला देतो’ असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नका. इतक्या थोड्या दिवसांत जनावर शिकत नाही. ते दमवून, धाक दाखवून गप्प केलेलं असतं, आणि घरी आल्यावर कधीतरी पोराला खाली टाकतं. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तो तबेल्यात टांगलेला दिसला तर शिंगरू घेऊन परत फिरा.

पैसे एकरकमी देऊ नका, महिन्याच्या महिन्याला द्या आणि न सांगता बघायला जा. चारा कुणाचा, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येईल त्याचे पैसे कुणाचे, धनुर्वाताची लस कोण टोचून घेणार, हे आधीच ठरवा. तिथल्या घोड्यांची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारायला संकोच नको; तो रोग माणसालाही होतो. शेवटच्या महिन्यात तुम्ही स्वतः त्याच माणसाकडून बसायला शिका. घोडा शिकला आणि मालक अडाणी राहिला, तर थोड्याच दिवसांत घोडाही बिघडतो. मला विचाराल तर या सगळ्या खर्चात हाच पैसा सर्वांत कामी येतो.

शिकवणी थंडीतच उरका. शिमग्यानंतर सोलापूरचं ऊन चढतं, पहाटेचा एखादा तास सोडला तर काम होत नाही, आणि महिन्याचे पैसे मात्र पूर्ण जातात.

एवढा खर्च झेपत नसेल तर शिंगराच्या नादी लागू नका. आठ-दहा वर्षांचा शांत, शिकलेला घोडा बघा. किंवा आपल्याच भीमाकाठची भीमथडी घोडी बघा. धनगरांच्या कळपाबरोबर ओझं वाहून ती माणसाला सरावलेली असते. फक्त ती ठेंगणी असते, हे ध्यानात ठेवा. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नसावा. ३०० किलोच्या घोडीवर खोगिरासकट ६० किलो. घरातल्या मुलांना ती पुरेल, थोराड माणसाने मोठंच जनावर घ्यावं.