न फुटलेल्या बाँबचा शोध दैवावर नको

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आमच्याच नगरीत असल्यामुळे या दिवसाचे महत्त्व नागपूरकरांस वेगळे सांगावयास नको. १९४४ साली याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज सुमारे १४०० टन स्फोटकांसह उडाले; शेकडो माणसे प्राणांस मुकली आणि आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. ही कथा सर्वश्रुत आहे. तिचे उत्तरकांड मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्या दुर्घटनेस ६७ वर्षे लोटल्यावर, २०११ च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या गोदीत ४५ किलो वजनाचा जिवंत तोफगोळा हाती आला. २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या गोदीत गाळ उपसताना महायुद्धकालीन बाँब सापडला. युद्ध १९४५ साली संपले असे आपण शाळेत शिकतो. गाळाखाली आणि मातीखाली ते अद्याप संपलेले नाही.

अशा प्रसंगी अनर्थ टळला म्हणून सुटकेचा निःश्वास सोडावा हे स्वाभाविक होय. परंतु उपसणीच्या यंत्रात गोळा अडकणे म्हणजे शोध नव्हे. ती केवळ दैवाची कृपा. कृपेवर विसंबून बंदरे, पूल आणि भुयारी मार्ग बांधावयाचे काय, हा आमचा प्रश्न आहे. कारण दैव फिरले तर प्रथम बळी पडतो तो यंत्रावर बसलेला रोजंदार मजूर. आराखडा काढणारा अभियंता नव्हे.

यंत्रे नाहीत असे नाही. मॅग्नेटोमीटर लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात पडणारा फरक टिपतो. पण अंतर दुप्पट झाले की हा संकेत एकअष्टमांशावर येतो. त्यामुळे खोलवर रुतलेला मोठा बाँब आणि वरच पडलेला लोखंडाचा तुकडा यंत्रास सारखेच भासू शकतात. त्यात आपली बरीचशी भूमी काळ्या बेसॉल्टची. या खडकातच चुंबकीय खनिज असल्याने परदेशच्या गाळाच्या जमिनीवर उत्तम चाललेले यंत्र दख्खनच्या कातळावर भलतेच संकेत देऊ लागते. यंत्र विकत आणता येते. आपल्या मातीवर त्याचा भरवसा किती, हे मात्र आपणच ठरवावे लागते.

म्हणूनच समान प्रमाणकांची आवश्यकता आहे. ‘जागा निर्धोक आहे’ हा मोघम दाखला कवडीमोलाचा होय. किती आकाराची वस्तू, किती खोलीपर्यंत शोधली, हे दाखल्यात स्पष्ट हवे. शोधपथकास न सांगता निर्जीव नमुने पुरून ठेवावेत आणि त्यांतील किती हाती लागले, किती निसटले, हे मोजावे. ज्याने शोध केला त्यानेच तो तपासू नये. भूसुरुंग हटविण्याच्या कामी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने आंतरराष्ट्रीय प्रमाणके तयार झालेली आहेत. जर्मनीत बांधकामापूर्वी युद्धकाळात विमानांतून घेतलेली छायाचित्रे तपासण्याची पद्धत आहे. एवढी दक्षता बाळगणाऱ्या त्या देशातही २०१० साली ग्योटिंगेन येथे बाँब निकामी करणाऱ्या पथकातील तिघे दगावले. मग बेफिकिरीची किंमत केवढी असेल?

यापैकी कोणतेही काम एकट्यादुकट्याचे नाही. लष्कराजवळ अनुभव आहे, बंदरांजवळ जुने नकाशे आहेत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेजवळ सागरतळाचे ज्ञान आहे, खाजगी कंपन्यांजवळ यंत्रे आहेत. प्रत्येकजण आपापली शिदोरी गाठीला बांधून बसला तर उपाशी सर्वच राहतील. कंपन्या आपल्या यशाची जाहिरात करतात. चुकलेल्या संकेतांची नोंदही त्यांनी एकमेकांस दाखविली पाहिजे. लष्करी गुप्ततेची सबब येथे लागू पडत नाही. कोठे खणू नये एवढे सांगितल्याने कोणते गुपित फुटते?

खर्चाची सबबही आम्हांस मान्य नाही. सर्वेक्षणाची रक्कम निविदेतच धरली, तर कमी दराच्या मोहाने कोणी ते टाळणार नाही.

या बाबतीत पुढाकार घेण्याचा अधिकार नागपूरचा आहे. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय येथेच आहे. दारूगोळ्याने काय होते, हे विदर्भास पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात पुलगावनजीक मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना सहा जण मृत्युमुखी पडले. हा दारूगोळा कोणता व कोठे आहे, हे ठाऊक असताना ही गत. मग जो कोठे आहे हेच ठाऊक नाही, त्याचे काय? नागरी स्फोटकांचा कारभार एकाकडे, लष्करी दारूगोळ्याचा दुसऱ्याकडे. मातीत पडलेल्या जुन्या गोळ्याचा धनी कोण, हा वाद तो सापडल्यावर घालण्याचा नव्हे. सुरक्षा संघटना, लष्कर, भारतीय मानक ब्यूरो आणि बंदरे यांची एकत्र बैठक नागपुरात भरावी, एक लेखी प्रमाणक ठरावे आणि त्याविना कोणत्याही जोखमीच्या जागी खोदकामास परवानगी मिळू नये, अशी आमची मागणी आहे.

‘फोर्ट स्टिकीन’च्या आगीत उडी घेणाऱ्यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो. जमिनीत व गाळात राहिलेला दारूगोळा आणखी कोणाचा जीव घेण्यापूर्वी शोधून काढणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.