पावसाळ्यातील पिल्ले आणि रक्ती हगवण



परसात दहा-बारा गावठी कोंबड्या असणे ही कोकणातल्या आपल्या घरांची जुनी सोय आहे. पाहुणा आला की ताटाची काळजी नसते आणि अंड्यांचे पैसे घरच्या बाईच्या हातात राहतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या वह्या याच पैशांतून येतात. म्हणून पावसाळ्यात बारा पिल्लांची आठवडाभरात तीन उरली, तर ते नुकसान लहान नसते. ‘पाऊस बाधला’ म्हणून आपण गप्प बसतो. पण पुष्कळदा खरे कारण आतड्याचा आजार असतो आणि तो वेळेवर ओळखला तर पिल्ले वाचतात.

ओळखायचे कसे? रोज सकाळी खुराडे उघडल्यावर आधी शीट पाहा. निरोगी कोंबडीची शीट घट्टसर, तपकिरी किंवा हिरवट असते आणि तिच्यावर पांढरा थर असतो. तो थर म्हणजे तिची लघवी. अधूनमधून एखादी शीट चिकट, गडद आणि फार घाण वासाची दिसते. तीही नेहमीचीच, तिला घाबरू नका.

आता रोगाची चिन्हे. पिल्लू तीन ते आठ आठवड्यांचे आहे, पंख फुगवून कोपऱ्यात उभे राहते, डोळे मिटते, दाणा टिपत नाही, तुरा फिका पडला आहे आणि शीटेत रक्त दिसते, तर ती रक्ती हगवण समजावी. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. दोन-तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाच्या मागच्या बाजूला पांढरी, खडूसारखी शीट चिकटून बसत असेल, तर तो वेगळा, जिवाणूंचा आजार असतो. त्याचे औषधही वेगळे. हिरवी पातळ हगवण, घरघर, मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे आणि लहानमोठ्या सगळ्याच कोंबड्या भराभर मरणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे आहेत. तो विषाणूचा आजार आहे. त्याला औषध नाही, फक्त लस आहे.

रक्ती हगवण पावसातच का वाढते, हे समजून घेतले तर पुढची काळजी आपोआप सुचते. या रोगाचे जंतू डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजांच्या रूपाने शीटेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की ही बीजे एक-दोन दिवसांत रोग देण्याइतकी तयार होतात. पिल्लू ओल्या जमिनीवरचा दाणा टिपते, बीजे पोटात जातात, आतड्याच्या आतल्या पापुद्र्यात वाढतात आणि तो फोडतात. पाच-सहा दिवसांत रक्त दिसू लागते. मोठ्या कोंबड्यांना सहसा काही होत नाही, पण त्यांच्या शीटेतून बीजे पडतच असतात.

उपाय सांगते. आजारी पिल्लू लगेच वेगळ्या डालग्यात, उबेला ठेवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ताजी शीट कागदात किंवा डबीत घालून न्या. तपासणीत रोगाची खात्री होते. यावर ॲम्प्रोलियम नावाची पावडर देतात. २० टक्के ताकदीची पावडर असेल तर जोरदार आजारात १ लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, म्हणजे ५ लिटरला ६ ग्रॅम, असे पाच दिवस देतात आणि पुढे प्रमाण कमी करून काही दिवस चालू ठेवतात. पाकिटावरची ताकद पाहून डॉक्टरांकडून प्रमाण पक्के करून घ्या. औषध पाण्यातूनच द्यायचे, कारण आजारी पिल्लू खाणे सोडते, पण पाणी पिते. पाणी रोज नवे करा आणि त्या दिवसांत दुसरे पाणी ठेवू नका. ताकद यावी म्हणून बी-जीवनसत्त्वाचे थेंब याच वेळी देऊ नका, त्यामुळे औषधाचा जोर कमी होतो. हा रोग जिवाणूंचा नाही, म्हणून घरात उरलेली माणसांची ॲन्टिबायोटिक कॅप्सूल फोडून घालण्यात काही अर्थ नाही. औषध खुराड्यातल्या सगळ्याच पिल्लांना द्या. एकाला झाले म्हणजे बाकीच्यांच्या पोटातही बीजे गेलेली असतात.

फिनेलने ही बीजे मरत नाहीत. ओले तूस काढून टाका, जमीन खरवडून उकळते पाणी ओता, ऊन मिळेल तेव्हा खुराडे उन्हात ठेवा, मग दोन-तीन इंच कोरडे तूस पसरा आणि ते रोज हलवा. दाणा जमिनीवर फेकू नका. दाण्याचे आणि पाण्याचे भांडे विटेवर ठेवा, म्हणजे त्यात शीट पडत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

आता एक नाजूक गोष्ट. कोंबडी मरायला टेकली की ‘वाया नको जायला’ म्हणून घाईने जिबह करण्याची सवय दिसते. मेलेली कोंबडी मुरदार, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जिवंत असताना सुरी फिरवली म्हणून रोग किंवा औषध मांसातून निघून जात नाही. मोकाट फिरणारी कोंबडी तीन दिवस बांधून, स्वच्छ दाणा घालून मगच जिबह करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. औषध दिलेल्या कोंबडीला पाकिटावर लिहिलेली मुदत तशीच पाळा. अंड्यांसाठीही डॉक्टरांना विचारा.

आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, विकू नका, ओढ्यात फेकू नका. त्यांना उघड्या हाताने न शिवता दवाखान्याला कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. आपल्या खुराड्याचा प्रश्न शेजारणीच्या खुराड्याचाही असतो.

राणीखेतची पहिली लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यातच, डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पुढची सहा ते आठ आठवड्यांनी टोचतात. लसीची कुपी बऱ्याच पिल्लांना पुरते आणि फोडल्यावर साठवता येत नाही, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. पुढच्या वेळी कोंबडी खुडूक बसेल, त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील आणि लसीची तारीख चुकणार नाही.