दुखणे घरात, कारण हापशात

शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीची कंबर धरते, सकाळी मान वळत नाही, गुडघे आखडतात, पोटात जळजळ होते, तहान भागत नाही आणि रात्रभर झोपूनही थकवा उतरत नाही. ती गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेते, मग तालुक्याला जाते, शेवटी उसनवारी करून नांदेड किंवा लातूर गाठते. प्रत्येक तक्रारीवर निराळी गोळी मिळते. रक्त तपासले जाते, फोटो काढला जातो आणि 'काही निघाले नाही' हे ऐकून ती परतते. त्यानंतर घरातलेच म्हणू लागतात की हिला मनाचे दुखणे आहे. निदान न झालेला आजार गरिबाला दुहेरी लुबाडतो. मजुरी बुडते ती वेगळी आणि कर्ज वाढते ते वेगळे.

या साऱ्या तक्रारींना अनेकदा एकच कारण असू शकते आणि ते वैद्यकशास्त्राला नवे नाही. पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे होणाऱ्या फ्लोरोसिस या विकाराची भारतातील पहिली नोंद १९३७ साली नेल्लोर भागातून झाली. लहानपणी असे पाणी पोटात गेले तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षे गेले तर कणा आणि सांधे ताठर होत जातात. हाडांत बदल दिसण्याच्या कितीतरी आधी पोटाच्या तक्रारी, अशक्तपणा आणि वारंवार लघवी ही लक्षणे सुरू होतात. केंद्र सरकारने फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू केला आणि पुढे नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे त्यात घेतले गेले. म्हणजे शासनदरबारी रोगाची ओळख आहे. ती रुग्णाच्या केसपेपरपर्यंत पोचत नाही, हे आमचे दुखणे आहे.

हे पाणी आले कोठून? नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, काळा दगड संपून ग्रॅनाइट सुरू होतो. अशा खडकांतील खनिजांतून फ्लोराइड पाण्यात विरघळते. पाणी खडकात जितके अधिक काळ मुरते तितके त्याचे प्रमाण वाढण्याचा संभव असतो. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर आणि हापसे आले. त्यांनी लाखोंची तहान भागवली आणि पटकी, हगवण यांसारख्या रोगांपासून वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु उथळ आड सोडून आपण शेकडो फूट खाली गेलो, तेव्हा वर येणाऱ्या पाण्यात काय आहे हे पाहण्याची शिस्त मात्र आली नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तेव्हापासून आमची सारी चर्चा किती पाणी आले याचीच आहे. ते कसे आहे हा प्रश्न टंचाईच्या गदारोळात बुडून गेला.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चवही नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. शहरातील सुखवस्तू घर यंत्र बसवून किंवा जार विकत घेऊन स्वतःपुरता प्रश्न सोडवते. वाडी-तांड्यावरच्या मजुराला हापसा सोडून पर्याय नाही. उन्हात राबणारा माणूस अधिक पाणी पितो, म्हणून तेच विष त्याच्या शरीरात अधिक जाते. आणि दूध-डाळीचा अभाव असलेल्या शरीरावर त्याचा घाव खोल बसतो. एकाच जमिनीखालचे पाणी वर्गावर्गांत असा भेद करते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक तपासणीवर वाचवलेला पैसा प्रत्येक कुटुंबाच्या औषधखर्चात कैक पटींनी वसूल होतो. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, एवढेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक कंबरदुखी फ्लोराइडची नव्हे. पंडुरोग, क्षय, थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्वांची उणीव आणि जन्मभराची अंगमेहनत यांनीही शरीर असेच खचते. अफवेने गाव घाबरवणे, किंवा डागाळलेल्या दातांमुळे ज्या मुलींची लग्ने आधीच अडतात त्यांना आणखी लाजवणे, हे आपले काम नव्हे. म्हणूनच अंदाज नको, तपासणी हवी. लघवीतील व पाण्यातील फ्लोराइड मोजता येते. ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी चालू स्थितीत असली पाहिजे आणि सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी 'पाणी कोठले पिता?' हा प्रश्न विचारला पाहिजे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून दरवर्षी वैद्यकीय महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांना हा प्रश्न अगोदर शिकवावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक हापशाचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावे आणि निकाल हापशावरच रंगवावा. शाळेतील मुलांचे दात तपासावेत. ते दात म्हणजे गावाच्या पाण्याचा नकाशाच आहे. दूषित स्रोतांच्या जागी धरणाचे वा पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. तोवर तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढण्याची, नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेली नलगोंडा पद्धत वापरता येईल; मात्र संयंत्राचे उद्घाटन करून गुत्तेदार निघून जातो आणि देखभालीला कोणी उरत नाही, हा प्रकार बंद व्हावा.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा; नसेल तर नमुने भरून पोच घ्यावी आणि त्याच वेळी जुनाट दुखण्यांची घरवार यादी करावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडा होईल. ताठर झालेला कणा पुन्हा सरळ होत नाही, पण पाणी वेळेवर बदलले तर पोटाच्या तक्रारी व थकवा ओसरू शकतो आणि पुढची पिढी सुटते. विलंबाची किंमत हाडांनी चुकती होते. ती मजुरांच्याच हाडांनी का चुकवावी, हा प्रश्न आता जिल्हा परिषदेच्या दारात उभा राहिला पाहिजे.