भुशाची शेगडी

परवा आत्याचा पुण्याहून फोन आला होता. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न, "बर्फ पडतोय का रे? घर कशानं गरम ठेवता?" म्हटलं, भुसा जाळतो. पलीकडे दोन क्षण शांतता, मग खो खो हसणं. "अरे, एवढा अमेरिकेत गेलास आणि शेवटी भुशाची शेगडीच पेटवलीस होय!"

आता तिला काय सांगू, अगदी खरं आहे ते. साताऱ्याच्या घरी आजी वखारीतून पोतंभर भुसा आणायला लावायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद फिरवत वर काढून घ्यायची. मधे राहिलेल्या भोकातून आणि खालच्या तोंडातून हवा खेळली की शेगडी तासन्‌तास जळायची, धूर जवळजवळ नाही. ठासणी ढिली झाली की भुसा ढासळायचा, भोक बुजायचं आणि घरभर धूर. मग आजी ज्याने ठासलं असेल त्याचा उद्धार करायची. (बहुतेक वेळा मीच.)

इथे न्यू हॅम्पशायरमध्ये आमच्या हॉलमध्ये जो पेलेट स्टोव्ह आहे, तो त्याच शेगडीचा शिकलेला नातू. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने दाबून केलेल्या सहा-एक मिलिमीटर जाडीच्या कांड्या, दिसायला थेट गुरांच्या गोळी पेंडीसारख्या. त्यात गोंद वगैरे घालावा लागत नाही, लाकडातलं लिग्निनच त्यांना धरून ठेवतं. चाळीस पौंडांची म्हणजे अठरा किलोची पिशवी, टनाला पन्नास पिशव्या. आमचा हिवाळा तीन टनांत निघतो. पिशव्या वरच्या टाकीत ओतायच्या, एक फिरता स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या करून जळायच्या भांड्यात टाकतो, एक पंखा भांड्यातून हवा ओढून धूर बाहेर काढतो, दुसरा पंखा गरम हवा खोलीत सोडतो. बटण दाबलं की स्वतःच पेटतो.

आणि माझं भांडण आहे ते या "स्वतःच" शब्दाशी.

2022 च्या जानेवारीतली गोष्ट. बाहेर उणे अठरा. दोन-तीन दिवस खोली नीट तापत नव्हती. ज्वाळा लांब, आळशी, गडद नारिंगी, शेंड्याला काजळी. काच सकाळी पुसली तर संध्याकाळपर्यंत काळीकुट्ट. मी काय केलं? आकडा तीनवरून पाचवर नेला. म्हणजे गुदमरलेल्या माणसाच्या तोंडात आणखी घास कोंबले! रात्री दोनला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला. लेकीला ब्लँकेटसकट उचललं आणि आम्ही तिघं गाडीत जाऊन बसलो. अग्निशामक दलाचा माणूस आला, घर मोकळं केलं, स्टोव्हकडे बघून शांतपणे म्हणाला, "आतले पडदे काढून कधी साफ केलं होतंत?" कधीच नाही. मी रोज समोरची राख काढत होतो आणि स्वतःवर खूश होतो. मागच्या वाटा राखेने गच्च भरलेल्या, त्यात दाराची दोरी झिजलेली, म्हणून तो धूर घरात.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की लोक ज्याला स्टोव्ह "ट्यून करणं" म्हणतात त्यातलं निम्म्याहून जास्त म्हणजे निव्वळ साफसफाई असते. घाणेरड्या स्टोव्हवर बटणं फिरवणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. आधी भांडं खरवडायचं, त्याची भोकं मोकळी करायची (राख वितळून दगडासारखा थर बसतो तो काढायचा), मागचे पडदे उघडून वाटा झाडायच्या. दारात कागदी नोट अडकवून बंद करायचं आणि ओढून बघायचं, सहज सुटली तर दोरी बदला. धुराड्यासाठी आमच्याकडे गमतीदार उपाय चालतो. पानं उडवायचं यंत्र शोषणीवर लावून बाहेरच्या नळीला जोडायचं. जो काळा ढग उडतो तो बघायला शेजारची मुलं जमतात. अर्थात स्टोव्ह पूर्ण गार असताना!

हे सगळं झाल्यावरच हवेच्या झडपेला हात लावायचा. आळशी, काळपट ज्वाळा म्हणजे हवा कमी. वेल्डिंगच्या टॉर्चसारखी आखूड, पांढरी ज्वाळा आणि भांड्यातून अर्धवट जळलेले तुकडे उडतायत म्हणजे हवा जास्त, तेवढी ऊब धुराड्यातून वाया. पिवळी, चपळ ज्वाळा आणि काचेवर फिकट राखाडी धूळ दिसली की झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि अर्धा तास गप्प बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड जातं, बायकोला विचारा. आणि पेलेटची जात बदलली की परत पहिल्यापासून. कठीण लाकडाचे पेलेट जास्त गरम, असं इथे अनेक जण सांगतात, पण वजनाला वजन मऊ लाकडाचे बहुधा थोडे जास्तच तापतात, राळ असते ना त्यात. भिजलेले मात्र कधीही घालू नका. फुगून परत भुसा होतो आणि स्क्रू जाम.

राखेबद्दल तर कळकळीनं सांगतो. वरून गार दिसली तरी आत निखारा दिवसच्या दिवस जिवंत राहतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, घरापासून लांब, लाकडी ओट्यावर तर नकोच. घरातला साधा व्हॅक्यूम त्यात घालू नका.

अलार्म आता आमच्याकडे तीन आहेत. लेक दर शनिवारी त्यांची बटणं दाबून आम्हाला उठवते, तक्रार नाही.

आत्याचं मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. "आणि एवढी राख निघते ती टाकून देता? भांडी कशानं घासता मग?" म्हटलं, भांडी नाही, पण स्टोव्हची काळी काच ओल्या कागदाला तीच राख लावून पुसतो, लख्ख निघते. "हां," म्हणाली, "मग ठीक आहे."