शिवणी ते बेलोरा, हवेतून!

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणाऱ्या साइट्स तुम्हाला माहीत असतीलच. लोक त्यात लंडन-पॅरिस टाकतात. मी शिवणी-बेलोरा टाकतो! म्हणजे अकोल्याचा विमानतळ ते अमरावतीचा. सरळ रेषेत उणेपुरे ७० किलोमीटर. एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने आठ-नऊ मिनिटं. चहा निवायच्या आत अमरावती! प्रॉब्लेम एकच, असं विमानच नाही.

हसू नका. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये पावणेतीन किलोमीटरसाठी १९६७ पासून रीतसर विमान जातं. वेळापत्रकात दोन मिनिटं! पण तिथे मधे समुद्र आहे. आपल्याकडे मधे मूर्तिजापूर आहे. शिवाय हायवे असा, की जून २०२२ मध्ये त्यातले ७५ किलोमीटर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात गेले.

तसंही अकोलेकराला अमरावतीला उडत जायचंच नाहीये, राजेहो. त्याला मुंबईहून घरी यायचंय. शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, सुमारे १४०० मीटर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला पळायला जास्त जागा लागते. पट्टी वाढवायची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन. त्यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा. बेलोऱ्याने मात्र १८५० मीटरची पट्टी केली आणि १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान उतरवलंसुद्धा. (जाम जळलो आम्ही. अमरावतीकरांना सांगू नका.)

मुंबई-अमरावती हवाई अंतर साधारण ५४० किलोमीटर. तासाभराचं काम, पण वेळापत्रकात पावणेदोन तास. कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं. मुंबईतली रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यातच. त्यात माझे ठाण्याहून विमानतळापर्यंतचे दीड तास, चेक-इनचा सव्वा आणि बेलोऱ्याहून अकोल्याचे दोन मिळवा. झाले साडेसहा. गंमत म्हणजे मुंबई-बेलोरा सरळ रेघ मारली तर ती अकोल्याच्या जवळूनच जाते. म्हणजे आधी घर ओलांडून पुढे जायचं, मग वळून यायचं!

रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने वेळ जास्त लागतो, पण तो झोपेत जातो. दिवाळीला मी तीच पकडतो. मात्र ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय’ असा फोन सकाळी दहाला आला, तर रात्रीची गाडी काय कामाची? तेव्हा हे साडेसहा तासही सोन्याचे, फक्त त्या दिवशी विमान असायला हवं. सुरुवात झाली तेव्हा ते आठवड्यातून तीनच दिवस होतं. म्हणून वेळापत्रक आधी बघा. आणि उतरल्यावर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा बडनेरा स्टेशन गाठा, ते जवळच आहे. गाडी लागलेली असली, तर मूर्तिजापूरमार्गे अकोला काही लांब नाही.