रंग वाचेल, रस्त्याचे काय?

नवी मोटार दारात आली की तिच्यापुढे नारळ फोडावा, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि आळीत पेढे वाटावेत, हा परिपाठ आता जुना झाला. अलीकडे छत्रपती संभाजीनगरात त्यात आणखी एका संस्काराची भर पडली आहे. पेढे वाटून होतात न होतात तोच मालक मोटार घेऊन एखाद्या झगमगीत दुकानात जातो आणि तिच्या सर्वांगाला एक पारदर्शक आवरण चढवून घेतो. रस्त्यावरची खडी उडून रंगाचा टवका जाऊ नये, धुळीने चकाकी मरू नये, यासाठी ही तजवीज. सबंध गाडीला असे आवरण घालावयाचे तर लाखभर रुपये सहज लागतात. गाडी मोठी आणि आवरण उंची असेल तर त्याहूनही अधिक. एवढ्या रकमेत एखाद्या कारकुनाची नवी कोरी दुचाकी येते. तेव्हा हा निव्वळ श्रीमंती चोचला आहे, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरलेला बरा. कारण मोटारमालकाची ही काळजी अनाठायी नाही आणि तिच्यामागे जो प्रश्न दडला आहे तो मोटार नसलेल्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

मोटारीचा रंग ही दिसते तितकी भक्कम गोष्ट नव्हे. गंज रोखणारा तळचा थर, त्यावरील अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक लेप, असे सगळे थर एकत्र मोजले तरी त्यांची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपासच भरते.  या नाजूक कातडीची गाठ पडते ती दख्खनच्या काळ्या पाषाणाशी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला हा खडक. याच खडकाच्या पोटातून वेरूळचे कैलास कोरून काढले गेले आणि याच खडकाची फोडलेली खडी आज रस्त्यावर अंथरली जाते. रंगाच्या लेपापेक्षा हा दगड कितीतरी पटींनी कठीण. त्यात गतीचा नियम असा की, वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. पुढच्या डंपरच्या चाकाखालून सुटलेला हरभऱ्याएवढा खडा समोरून भरवेगाने येणाऱ्या बॉनेटवर आदळला, की चारही थर भेदून पत्र्यापर्यंत पोचतो. तेवढ्याशा जागी पावसाळ्यात ओल शिरते, गंज धरतो, आणि भोवतालचा रंग पापुद्र्यासारखा सुटू लागतो. म्हणूनच टवका गेलेली जागा लहान असतानाच स्वच्छ करून तीवर रंगाचा ठिपका द्यावा, असे जाणकार कारागीर सांगतात. दोन-चार महिने दुर्लक्ष केले, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे बिल मोठे येते.

खडा हा उघड शत्रू. धूळ मात्र घरभेदी. रोज सकाळी मालक किंवा गाडी पुसणारा मुलगा कोरडे फडके घेऊन बॉनेटवर फिरवतो तेव्हा गाडी स्वच्छ होते असे वाटते. प्रत्यक्षात फडक्यात अडकलेले दगडाचे बारीक कण रंगावर घासले जात असतात. वर्षभराने उन्हात पाहावे, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांचे वर्तुळ उमटलेले दिसते. यावर उपाय एकच : आधी भरपूर पाणी सोडून कण वाहून जाऊ द्यावेत आणि मगच मऊ कापड लावावे. उपाय शास्त्रशुद्ध खरा. पण ज्या शहराला नळाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहण्याची सवय वर्षानुवर्षे अंगवळणी पडली आहे, तेथे मोटारीवर भरपूर पाणी सोडा असे सांगणे म्हणजे उपवासाच्या दिवशी मिष्टान्नाची पाककृती वाचून दाखवण्यासारखे आहे.

या परिस्थितीत ते पारदर्शक आवरण मदतीला येते. त्याचा पूर्वेतिहास युद्धातला. व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळूने आणि उडत्या मातीने झिजत, म्हणून त्यांवर पॉलियुरेथेनची चिवट पट्टी चिकटवण्याची युक्ती काढली गेली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर आणि तेथून रस्त्यावरच्या मोटारींवर आली. आजचे आवरण सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे खालच्या रंगाच्या सगळ्या थरांहून जाड असते. ते खड्याचा आघात स्वतः झेलते, आणि त्यावरचे किरकोळ ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. मराठवाड्यात निदान या एका औषधाचा तुटवडा नाही. सिरॅमिक म्हणून जो लेप विकला जातो तो याहून निराळा; अवघ्या काही मायक्रॉनांचा तो थर पाणी निथळवतो, चकाकी टिकवतो, परंतु उडत्या खड्यापुढे तो निरुपयोगी ठरतो. विक्रेते हा भेद नेहमीच स्पष्ट करतात असे नाही.

योगायोग असा की, मोटारीचे हे कवच याच शहरातला उद्योग तयार करतो. तासगावात जन्मलेल्या आणि मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीपासून धंद्याला आरंभ केलेल्या आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातील गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी असे आवरण बनवते. तिचे कारखाने चिकलठाणा आणि वाळूज येथे आहेत, आणि तिच्या मालाचा मोठा भाग अमेरिकेसह परदेशांत जातो. वाळूजला बजाजच्या दुचाकी बनतात. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. बिडकीनला कारखाना काढण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य शासनाशी करार केला. मोटार बनवणारे आणि तिचे कवचही बनवणारे असे शहर देशात शोधूनच सापडेल. मात्र या कवचाची गरज भासावी असे रस्ते पुरवण्यातही त्याने हयगय केलेली नाही, हे दुर्दैवाने नमूद केले पाहिजे.

हा खर्च एरवी कोणत्या खात्यात मांडावा? केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात, एकाच्या व्यवहाराची झळ व्यवहाराबाहेरच्या तिऱ्हाइताला कशी लागते याची उदाहरणे देताना, रस्त्याचा पृष्ठभाग झिजवणाऱ्या मोटारींचा उल्लेख केला आहे. मोटार रस्ता बिघडवते, तेव्हा तिच्याकडून भरपाई घ्यावी, हा त्याचा इत्यर्थ. पिगूंच्या मनात आले नसेल ते आपल्याकडे घडते आहे : येथे रस्ताच मोटार बिघडवतो, आणि भरपाई मात्र पुन्हा मोटारमालकच मोजतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात आवरणाची विक्री जमेच्या बाजूला दिसते. वस्तुतः लाखभर रुपये खर्चून मालकाने मिळवले काय? रस्ता धड असता तर जे फुकट राहिले असते, तेवढेच.

आणि त्याने रस्त्यासाठी काही दिलेलेच नाही असेही नव्हे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीवर एकरकमी वाहनकर द्यावा लागतो. किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. म्हणजे २५ लाखांच्या मोटारीमागे सव्वातीन लाख रुपये तिजोरीत जमा होतात. बोलीभाषेत याला ‘रोड टॅक्स’ म्हणतात. परंतु नावात रस्ता असला तरी हा पैसा रस्त्यालाच मिळेल अशी हमी नाही. मोटारीकडून घेतलेले रस्त्यावर खर्चावे, हा विचार या देशात मांडला तो बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९२७ मध्ये नेमलेल्या त्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पुढच्या काळात महामार्गांचे काहीसे भले झाले. शहरांतर्गत रस्ते मात्र महापालिकेच्या ओढगस्तीवर किंवा शासनाच्या प्रासंगिक कृपेवर अवलंबून राहिले. या शहरापुरते पाहिले तर २०१७ मध्ये रस्त्यांसाठी शासनाने १०० कोटी रुपये दिले, आणि रस्त्यांच्या दुरवस्थेचे गाऱ्हाणे जनहित याचिकेच्या रूपाने येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेण्याची पाळी नागरिकांवर आली.

पैसा येतो, पण कामाचा क्रम चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले; तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. शहरभर जलवाहिन्या टाकावयाच्या म्हणजे रस्ते खोदणे अपरिहार्य, आणि पाण्यासाठी तेवढी धूळ सोसण्यास कोणीही नाही म्हणणार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या कामाची. चर बुजवताना वर मुरूम आणि खडी ढकलून दिली जाते. ती दाबली जात नाही. वाहनांनी ती रस्ताभर पसरते. सिमेंटचा रस्ता झाला तरी साइडपट्ट्या मातीच्याच राहतात, आणि समोरून वाहन आले की एक चाक त्या मातीत उतरून परत रस्त्यावर चढते ते खडे घेऊनच. अजिंठ्याकडे जाणाऱ्या महामार्गाचे रुंदीकरण २०१८ च्या सुमारास सुरू झाले आणि कित्येक वर्षे रखडले. जागतिक वारसा पाहण्यास दूरदेशीहून आलेल्या पाहुण्यांना लेण्यांच्या आधी खडीच पाहावी लागली. बांधकामाचे साहित्य नेणारी वाहने झाकलेलीच असावीत, असा नियम हवेतील धूलिकणांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. बीड बायपासवर उभे राहून ताडपत्री नसलेले डंपर मोजण्यास प्रारंभ करावा. हाताची बोटे लवकरच संपतील.

मोटारीला आवरण मिळते. ज्याची दुचाकी त्या डंपरच्या मागे असते त्याने काय करावे? वाळूजच्या पाळीला निघालेला कामगार, विद्यापीठाच्या चढावर सायकल मारणारा विद्यार्थी, चौकात आठ तास उभा राहणारा वाहतूक शिपाई, पहाटे झाडू मारणारी सफाई कामगार स्त्री, यांच्या डोळ्यांत जाते ती हीच कच. त्यातली दहा मायक्रॉनहून बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत उतरते. तिचे हवेतील वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे राष्ट्रीय मानक सांगते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत या शहराचे नाव होते. बॉनेटवरचा टवका भरून काढता येतो. फुप्फुसाला टचअप नाही.

येथे अर्थशास्त्रातला आणखी एक विचार आठवतो. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे दाखवून दिले की, एखादी सार्वजनिक सेवा ढासळू लागली आणि ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड आहे तेच ग्राहक पर्याय शोधून बाहेर पडले, तर मागे उरतात ती ज्यांच्या ओरडण्याला वजन नाही अशी माणसे. आणि मग सेवा अधिकच ढासळते. शहरातल्या सुखवस्तू वर्गाचा गेल्या काही दशकांचा इतिहास हाच आहे. नळाला पाणी नाही, टँकर मागवला. वीज गेली, इन्व्हर्टर बसवला. शाळेत शिकवणे होईना, खासगी क्लास लावला. प्रत्येक वेळी निवड शहाणपणाचीच होती, आणि प्रत्येक वेळी तक्रार करणारा एक वजनदार आवाज कमी झाला. मोटारीवरचे आवरण ही त्या मालिकेतील ताजी कडी. त्यातून एप्रिल २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात खड्डा दाखवायला हात धरून न्यावा असा नगरसेवकही वॉर्डात नव्हता.

आवाज एकवटण्याची कला या शहराला ठाऊक नाही असे मात्र म्हणवत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार होता. गिऱ्हाइकांची संख्या पाहून विक्रेत्याने किंमत उतरवली आणि स्टेट बँकेने सुमारे सात टक्के व्याजाने कर्ज दिले. देशभर त्याची चर्चा झाली. एकट्याने घासाघीस केली असती तर जे मिळाले नसते ते दीडशे जणांनी मिळून मिळवले. मोटारीसाठी जमलेला हा समुदाय रस्त्यासाठी का जमू नये? मागण्याही फार मोठ्या नाहीत. रस्ता सिमेंटचा करण्यापूर्वी खालच्या वाहिन्या टाकून घ्याव्यात. चर बुजवल्यावर तो दाबून डांबर पडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. साइडपट्ट्या पक्क्या कराव्यात. रस्ता कोणी केला, केव्हा केला आणि त्याचा दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेस संपतो, याचा फलक त्या रस्त्यावरच लावावा, म्हणजे खडी उखडल्यावर ती कोणाच्या खर्चाने बसवावयाची हे शेजारच्या किराणा दुकानदारालाही सांगता येईल. आणि उघड्या डंपरांवर किती कारवाया झाल्या, त्याचा आकडा महापालिकेने व वाहतूक शाखेने दर महिन्याला वर्तमानपत्रांकडे पाठवावा.